उठणे

खुर्चीवरून उठणे ही इतकी सामान्य क्रिया आहे की तिच्यासाठी वेगळा शब्द घडवण्याची गरज भाषेला कधी भासली नाही. माणूस झोपेतून उठतो, पंगतीवरून उठतो, बाजार उठतो, अंगावर पुरळ उठते, कुणी कुणाच्या जिवावर उठतो. एकच क्रियापद साऱ्यांना पुरून उरते. उठणारे शरीर मात्र त्या एवढ्याशा अवधीत मोठा खटाटोप करीत असते. पावले किंचित मागे सरकतात, धड पुढे झुकते, देहाचा भार बैठकीवरून तळपायांवर येतो, आणि मग मांडीच्या पुढचे व कमरेखालचे मोठे स्नायू एकदम आवळून सगळे ओझे वर लोटतात. दोन सेकंदांत सारे आटोपते. निरोगी माणसाला त्या दोन सेकंदांची आठवणही राहत नाही. ज्याची ती हरवतात, त्याला दिवसातून तीस-चाळीस वेळा त्यांचा हिशेब मांडावा लागतो.

ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात शिवणकामावर पोट भरणारी एक बाई असा हिशेब बरेच महिने मांडीत होती. घर शहराच्या पूर्वेकडील वस्तीत आणि काम बोम रेतिरो या कपड्यांच्या जुन्या पेठेत. पेठेच्या नावाचा अर्थ 'विसाव्याची चांगली जागा' असा होतो. इटालियन आले, ज्यू आले, कोरियन आले, अलीकडे बोलिव्हियाहून माणसे आली. साऱ्यांनी तिथे रात्रीचा दिवस करून शिवणयंत्रे चालवली, विसावा घ्यायला कुणी आल्याचे ऐकिवात नाही. बाईचे वय चव्वेचाळीस. त्यांतली पंचवीस वर्षे याच गल्ल्यांत गेलेली. कापडाचा तागा खांद्यावर घ्यावा आणि दोन्ही हातांनी डोक्यावरच्या फळीवर सरकवावा, हे तिच्या दृष्टीने काम नव्हतेच. दोन कामांच्या मधली ती एक हालचाल होती. एके दिवशी तागा फळीच्या काठापर्यंत गेला आणि तिथून पुढे जाईना. हात दुखत नव्हते, मुंग्या येत नव्हत्या. ते फक्त वर जाईनात.

मग केस विंचरताना हात मध्येच खाली येऊ लागला. बसच्या पायरीशी पाय उचलेना; मागे माणसे खोळंबलेली, आणि ही दांडा धरून स्वतःला पोत्यासारखी आत ओढून घेणारी. कारखान्यातल्या खुर्चीवरून उठायचे तर ती आधी दोन्ही तळहात मांड्यांवर रोवी आणि एखाद्या खांबावर चढावे तशी आपल्याच देहावर चढत उभी राही. तिच्या भावाने त्या खुर्चीच्या चारी पायांखाली लाकडाचे ठोकळे बसवून दिले, चार बोटे उंचीचे. बैठक तेवढी वर आली की उठण्याचा चढ तेवढा कमी होतो. महिन्या-दोन महिन्यांनी तेही पुरेनात, म्हणून त्याने आणखी चार बोटांची भर घातली.

पोर्तुगीज भाषेत आळसाला 'प्रेगीसा' म्हणतात, आणि झाडाला उलटा लोंबकळून दिवसचे दिवस काढणाऱ्या मंदगती प्राण्यालाही तेच नाव आहे. हा प्राणी त्याच देशातल्या अरण्यांत राहतो. भारतातल्या वाचकाला तो स्लॉथ या नावाने चित्रांतून ठाऊक असतो. इतर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत त्याच्या अंगावर स्नायूच थोडे असतात, तेव्हा त्याची आळशी म्हणून झालेली बदनामी अन्यायाचीच. पण शब्द वापरणारे शरीरशास्त्र पाहत नाहीत. तिच्या बाबतीत हा शब्द आधी थट्टेत आला. नंतर थट्टा गेली आणि शब्द राहिला. वस्तीतल्या एका दवाखान्यात ती तीनदा गेली. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली, पाय व्यवस्थित उडाला. रक्तदाब ठीक होता. तिसऱ्या खेपेस त्यांनी 'नेर्वोस' असे निदान केले. या शब्दाचा खरा अर्थ मज्जातंतू. पण त्या देशात चिंता, निद्रानाश, रडू येणे, घरची भांडणे असे बरेच काही त्या एका शब्दाखाली झाकले जाते. तिला नीट कळावे म्हणून ते पुढे म्हणाले, "बाई, तुमच्या शरीरात काही नाही. जे आहे ते डोक्यात आहे."

त्यानंतर काही आठवडे ती स्वतःवरच पाळत ठेवून होती. हात वर जात नाही, की आपणच तो नेत नाही? हा प्रश्न एकदा मनात शिरला की त्याचे उत्तर आतून देता येत नाही, आणि तो विचारणाऱ्याला याची कल्पनाही नसते. प्रयत्न करणारीही तीच आणि प्रयत्न खरा आहे की नाही याची साक्ष देणारीही तीच. कोणतेही न्यायालय असा साक्षीदार मानीत नाही. हळूहळू तिनेही मानला नाही.

शेवटी एका मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीने तिचे काहीही ऐकण्यापूर्वी तिचे हात पाहिले. बोटांच्या सांध्यांवर खरखरीत, लालसर उंचवटे होते. सुया आणि कापडाचे रंग यांमुळे ते आले असावेत असे बाईला वाटत होते. पापण्यांवर जांभळट छटा होती. सावळ्या कातडीवर ती चटकन दिसत नाही. कारखान्यातल्या बाया समजत की ही रात्री रडत असते. रक्त तपासले. क्रिएटिन किनेज नावाचे विकर स्नायूच्या पेशींत वस्तीला असते; पेशी फुटली की ते रक्तात उतरते. निरोगी माणसात त्याचा आकडा साधारणपणे २०० च्या आत राहतो. तिचा ४,६०० निघाला. तो कागद हातात घेऊन ती तिथेच बाकावर बसून रडली. शेजारच्या माणसाला वाटले, भ्याली असेल. एवढा वाईट आकडा पाहून माणसाला सुख होऊ शकते, हे त्याला कुठून कळावे?

रोगाचे नाव डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे त्वचा व स्नायू यांचा दाह. जर्मनीत एर्न्स्ट वाग्नर यांनी १८६३ मध्ये अशा दुर्मीळ स्नायुरोगाचे वर्णन केले आणि १८९१ मध्ये हाइनरिख उनफेरिष्ट यांनी त्याला हे जोडनाव दिले. कारण उमगायला पुढचे शतक लागले, आणि ते अजूनही अर्धेच उमगले आहे. परक्यांना हाकलण्यासाठी शरीराने जे सैन्य पोसलेले असते, तेच घरच्यांवर उलटते. या रोगात त्याचा मारा स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर होतो. स्नायू हा तंतूंच्या जुड्यांचा बनलेला असतो. रक्त कमी पडू लागले की जुडीच्या कडेचे तंतू आधी सुकतात. कापड काठाकडून उसवत जावे तसे हे होते, असे तिला सांगण्यात आले, आणि ती गोष्ट तिला समजावून सांगावी लागली नाही.

उपचार सुरू झाले. त्या देशात १९८८ च्या राज्यघटनेने आरोग्य हा नागरिकाचा हक्क मानला आहे, त्यामुळे औषधाला पैसे पडले नाहीत. रांगेत जेवढे उभे राहावे लागले तेवढेच. फिलिप हेन्च यांनी १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या एका रुग्ण स्त्रीला प्रथम जे कॉर्टिसोन टोचले, आणि ज्याबद्दल १९५० मध्ये त्यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच कुळातले औषध तिला देण्यात आले. या औषधाची एक खोड आहे. ते दाह विझवते खरे, पण मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतले की तेच स्नायू झिजवते, आणि झिजवतेही नेमके मांड्यांचे व खांद्यांचे. रोगाने खाल्लेले किती आणि औषधाने खाल्लेले किती, याची वाटणी करता करता वैद्यही दमतात. तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. आरशात स्वतःला ओळखू न येणे ही एक वेगळीच दुर्बलता असते. तिची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

तिची म्हातारी आई गावाहून आली आणि तिने लेकीला पलंगावरून उतरूच दिले नाही. जखमेला हात लावू नये, आजारी स्नायूला काम देऊ नये, एवढे शहाणपण कोणत्याही आईपाशी असते. त्यात हसण्यासारखे काही नाही. १९८० च्या दशकाअखेरपर्यंत खुद्द वैद्यकशास्त्राचे मत याहून फारसे निराळे नव्हते. निरोगी माणसानेही अंगमेहनत केली की रक्तातले ते विकर थोडे वाढते; मग जिथे आग आधीच लागली आहे तिथे फुंकर कशाला घालावी, असा सरळ हिशेब होता. रुग्णांना सक्त विश्रांती सांगितली जाई. ते पडून राहत आणि पडून राहिल्याने आणखी खंगत. हे खंगणे रोगाच्या खाती जमा होत असल्यामुळे विश्रांतीवर कधी आरोप आला नाही.

१९९० च्या दशकात काहींनी भीत भीत उलट करून पाहिले. व्हिएन्नातील वैद्यांनी १९९८ मध्ये रुग्णांना जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीवर बसवले. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत फिजिओथेरपिस्ट हेलेन अलेक्झांडरसन आणि डॉक्टर इंग्रिड लुंडबर्ग यांनी घरच्या घरी करण्याचा एक साधा क्रम आखला: पाव तास व्यायाम, पाव तास चालणे, आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे. आधी जुन्या, निवलेल्या रोग्यांना आणि मग २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांचा रोग अजून धगधगता होता अशांनाही. भडका उडाला नाही. ताकद वाढली. पुढे त्याच शहरात स्नायूचे सूक्ष्म तुकडे तपासून असेही दिसले की नेमाने केलेल्या व्यायामाने दाहाशी संबंधित जनुकांची धग कमी होते. एका पिढीच्या रुग्णांनी पलंगावर जी वर्षे घालवली त्यांचे काय, हा प्रश्न त्या निबंधांत नाही. शास्त्रीय निबंधांत तो विचारण्याची रीत नसते.

दीड वर्षाने तिचा आकडा १५० वर आला. तागा पुन्हा फळीवर जाऊ लागला. पूर्वीसारखा नव्हे, पण जाऊ लागला. कागदावर ती बरी झाली होती, आणि इथेच तिच्या आजाराचा सर्वांत चमत्कारिक भाग सुरू झाला. थकवा जाईना. सकाळी उठून दात घासले की दिवस संपल्यासारखा वाटे. हात उचलला तर उचलला जाई, पण उचलण्याआधी मनात एक चढण चढावी लागे. तिने हे डॉक्टरांना सांगितले आणि सांगतानाच तिचा आवाज खाली गेला, कारण आता तिच्यापाशी दाखवायला आकडा नव्हता. ती पुन्हा त्याच जुन्या दवाखान्याच्या दाराशी येऊन उभी होती.

थकवा राहतो कुठे, हा प्रश्न जुना आहे. ज्या १८९१ साली उनफेरिष्ट यांनी रोगाला नाव दिले, त्याच वर्षी तूरिनमध्ये अँजेलो मोस्सो यांनी थकव्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मधल्या बोटाला दोरीने वजन बांधून ते पुन्हा पुन्हा उचलायला लावायचे आणि प्रत्येक उचल कागदावर रेखून घ्यायची, असे यंत्र त्यांनी बनवले होते. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन थकून आलेल्या माज्जोरा या सहकाऱ्याचे बोट त्यांनी त्या यंत्राला लावले. बोटाने दिवसभर काहीच केले नव्हते. दमले होते ते डोके. तरी रेघा एरवीपेक्षा आखूड उमटल्या. १९५४ मध्ये लंडनच्या पॅट्रिक मर्टन यांनी स्वतःच्या अंगठ्यावर उलट बाजूने तपास केला. अंगठा सर्व शक्तीनिशी दाबून धरायचा आणि त्याच क्षणी मनगटातल्या मज्जातंतूला विजेचा हलका धक्का द्यायचा. धक्क्याने जोर आणखी वाढला, तर मेंदूने काही राखून ठेवले होते असे समजावे. त्यांना राखून ठेवलेले फारसे सापडले नाही. थकते ते स्नायूच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्या संशोधकांनी तोच धक्का अधिक बारकाईने वापरला, तेव्हा दिसले की दीर्घ श्रमात मेंदू आपला हुकूम हळूहळू सैल सोडीत जातो, आणि हे तो ज्याचा मेंदू आहे त्याला न विचारता करतो. सर्व शक्ती लावली असे माणूस म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. सर्व म्हणजे किती, हे त्याला कळवलेले नसते.

भाषांना या गोंधळाचा सुगावा फार आधी लागलेला दिसतो. मराठीत हातपाय गळाले म्हणजे धीर सुटला, कंबर कसली म्हणजे निश्चय झाला. अवयव कुठे संपतो आणि मन कुठे सुरू होते याची हद्द या वाक्प्रचारांनी आखून घेतलेलीच नाही. खुद्द 'स्नायू' या शब्दाची कथा तर याहून नवलाची आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गोळे आणि स्नायू म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे दोर. तोच शब्द मराठीत आणि गुजरातीत येऊन मांसपेशीचा वाचक झाला, आणि बंगालीत मज्जातंतूचा. पुण्यातल्या माणसाचे स्नायू दुखावले तर तो मांडी चोळतो; कोलकात्यातल्या माणसाचे दुखावले तर त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतात. ग्रीकांचेही असेच झाले. त्यांचा 'न्यूरॉन' आधी धनुष्याची दोरी होता, कंडरा होता. मज्जातंतू तो मागाहून झाला. आणि साओ पाउलोच्या बाजारात मांस घेताना ती बाई खाटकाला ज्या चिवट शिरा काढून टाकायला सांगत असे, त्यांना ती 'नेर्वो'च म्हणत असे. डॉक्टरांनी तिच्या माथी मारलेला शब्द तिच्या स्वयंपाकघरात चांगला ओळखीचा होता.

त्यामुळे जेव्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टने तिला एका प्रयोगात भाग घेण्याविषयी विचारले, व्यायामाच्या जोडीला मेंदूवर सौम्य वीज सोडायची आहे असे सांगितले, तेव्हा तिला पहिला आला तो राग. विजेची भीती नंतर आली. "म्हणजे शेवटी ते डोक्यातच होते, असेच ना?" एवढेच ती बोलली. समोरची मुलगी पंचविशीतली असेल. तिने घाईने समजूत घातली नाही. "हुकूम डोक्यातून निघतो आणि मांडीत पाळला जातो," ती म्हणाली. "तुमची मांडी कितीतरी दिवस तो पाळूच शकत नव्हती. अशा वेळी हुकूम देणाऱ्यानेही आवाज खाली आणला असेल. आता मांडी सुधारली, पण त्याला ते कळले नसेल. आम्ही एवढेच तपासतो आहोत. खरे असेल की नाही ते आम्हालाही ठाऊक नाही." डोक्यात आहे हे वाक्य दोन माणसांनी दोन वेळा उच्चारले. पहिल्याने ते उच्चारून दार लावून घेतले होते. दुसरीने मेंदूलाही मांडीसारखाच एक अवयव धरले. तो थकतो, बिचकतो आणि त्याला पुन्हा सवय लावता येते. पहिले वाक्य अपमानाचे होते आणि दुसरे नव्हते, हे बाईला कळले. तरी कागदावर सही करायला तिने आठ दिवस घेतले.

विजेचा आणि स्नायूंचा संबंध बोलोन्यात जुळला. लुईजी गाल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय धातूच्या स्पर्शाने उडताना पाहिले आणि १७९१ मध्ये आपला सिद्धांत मांडला. त्यांचे भाचे जोव्हानी आल्दिनी यांनी या विद्येचा तमाशा केला: १८०३ मध्ये लंडनमध्ये, फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला तारा लावून त्यांनी त्याचा जबडा व डोळा हलवून दाखवला. विजेचे नाव काढले की माणसे आजही दचकतात, त्यात या खेळाचा वाटा असावा. जिवंत माणसाच्या कवटीबाहेरून वीज सोडून त्याचा हात हलवणे साधले ते १९८० मध्ये. आणि ते साधणाऱ्यांत अंगठा दाबून धरणारे तेच मर्टन होते. पण तो झटका दुखे. या बाईवर जी पद्धत वापरायची होती ती निराळी, फार मवाळ. गटिंगन येथील मिखाएल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी २००० मध्ये दाखवले की अवघा १ मिलिअँपिअर एवढा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह काही मिनिटे डोक्यावरून सोडला, तर हालचालीचे नियंत्रण करणारा मेंदूचा भाग त्यानंतरही काही काळ अधिक तत्पर राहतो. हा प्रवाह मेंदूच्या पेशीला बोलायला लावीत नाही. बोलण्याच्या किंचित जवळ आणून ठेवतो. उपचारात बहुधा २ मिलिअँपिअर वापरतात. भारतातल्या घरी ४० वॅटचा दिवा जेवढा प्रवाह घेतो त्याच्या सुमारे ऐंशी-नव्वदाव्या हिश्श्याइतका तो भरेल. आणि त्यातलाही बराचसा डोक्याच्या कातडीवरूनच निसटून जातो. मनोरुग्णांना देतात त्या 'शॉक'मध्ये सुमारे ८०० मिलिअँपिअर असतात. बाईच्या भीतीचा आकडा तो होता.

हालचालीच्या या पट्ट्यात शरीर उलटे मांडलेले असते. माँट्रियलचे वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला स्पर्श करून त्याचा नकाशा काढला, तेव्हा हात आणि तोंड यांनी बळकावलेली जागा पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटले. पाय मात्र थेट माथ्यावर, दोन्ही मेंदूगोलार्धांच्या मधल्या फटीत डोकावून बसलेले. म्हणजे तान्ह्या बाळाच्या टाळूवर आजी जिथे तेल जिरवते, त्याच्या जरा मागे पायांचे ठाणे असते. मिठाच्या पाण्यात भिजवलेली स्पंजची एक पट्टी तिथे ठेवायची, दुसरी कपाळावर भुवईच्या वर, आणि रबरी पट्ट्याने दोन्ही आवळायच्या. वीस मिनिटे. मग सायकल.

प्रत्यक्षात ते काहीच नव्हते. पहिल्या अर्ध्या मिनिटात पट्टीखाली खाज सुटे, मुंग्या येत, आणि मग तेही थांबे. खारे पाणी कानशिलावरून ओघळून मानेत जाई. तिला त्याचाच त्रास अधिक होई. मात्र या प्रयोगात एक मेख होती, आणि ती तिला आधीच सांगितलेली होती. निम्म्या जणांना प्रवाह वीस मिनिटे मिळणार, निम्म्यांना केवळ आरंभीचे अर्धे मिनिट. खाज दोघांनाही येणार. कोण कुठल्या गटात हे रुग्णाला ठाऊक नाही आणि ताकद मोजणारालाही नाही. फसवणुकीला एवढी सभ्य रीत क्वचितच लाभते. तिच्याइतके ते कुणाला झोंबणार? आपले दुखणे खरे की खोटे या प्रश्नातून ती नुकती कुठे बाहेर पडली होती. आता उपचार खरा की खोटा हे न विचारता पायडल मारायचे होते.

मुलगी संध्याकाळी विचारी, "आई, आज वीज होती का?" सुरुवातीला ती विचार करून उत्तर देई: आज होती वाटते, पाय हलके होते, आज नसावी. मग एके दिवशी तिच्या लक्षात आले की वीज नसावी असे वाटले त्या दिवशी ती सायकलीवर चार मिनिटे जास्त बसली होती. त्यानंतर तिने उत्तर देणे सोडले.

या पद्धतीविषयी ठाम बोलण्याचे दिवस अजून आलेले नाहीत. साओ पाउलो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत डॉ. सामुएल शिंजो आणि त्यांचे सहकारी स्नायूंच्या या रोगांवर दीर्घकाळ काम करीत आहेत. या दशकाच्या आरंभी त्यांनी अशा रुग्णांवर प्रथम नुसता प्रवाह वापरून पाहिला, खऱ्याखोट्याच्या त्याच कसोटीवर. तो निर्धोक ठरला, काहीसा गुणही नोंदला गेला. पुढे त्याला व्यायामाची जोड देण्याचा मार्ग त्यांनी धरला. रुग्ण मात्र मूठभर. रोगच दुर्मीळ, तेव्हा ते गोळा होणार किती? घराघरांत विजेच्या पट्ट्या विकू पाहणाऱ्यांना एवढी माहिती पुरते, आणि त्यांच्यापासून सावध राहिलेले बरे. व्यायामाची गोष्ट वेगळी. त्याच्या बाजूने आता तीस वर्षांची साक्ष उभी आहे. वीज त्यात काही भर घालते का, हा बारीक प्रश्न आहे, आणि बारीक प्रश्नांची उत्तरे उशिरा येतात.

अखेरच्या दिवशी तिला तीस सेकंदांची चाचणी दिली. बिनहाताची खुर्ची, हात छातीशी घडी घातलेले, घड्याळ सुरू. आरंभी ती आठ वेळा उठली होती; आता अकरा वेळा उठली. मोजणाऱ्या मुलीने आकडा कागदावर लिहिला आणि चेहरा कोरा ठेवला, कारण तिला तो कोरा ठेवणे भाग होते. सर्व रुग्णांचे काम संपल्यावर कोण कुठल्या गटात होते ते कळवले जाईल, असे तिला सांगण्यात आले. तिने आपला दूरध्वनी क्रमांक लिहून दिला.

बोम रेतिरोतल्या कारखान्यात ती आता आठवड्यातून तीन दिवस जाते. दुपारनंतर थकवा येतो. आला की ती तसे सांगते आणि काही वेळ भिंतीला टेकून बसते. कुणी काही म्हणत नाही, किंवा म्हणत असतील तर तिच्या माघारी. खुर्चीखालचे वरचे ठोकळे भावाने काढले तेव्हा ते टाकून द्यायला निघालेल्या पोराच्या हातून तिने परत घेतले. त्यांतले दोन आता कारखान्याच्या लोखंडी दाराखाली अडकवलेले असतात, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. खालचे चार अजून खुर्चीखालीच आहेत.